घड्याळाची वार्षिक परीक्षा

वरवट बकालच्या हायस्कुलात घड्याळाला परीक्षेला बसवायचं ठरलं तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळाच ती. तिथं माणूस येवो की यंत्र येवो, परीक्षा दिल्याशिवाय वर सरकता येत नाही. हेडमास्तर उकंडराव तर स्वच्छ म्हणाले, "मास्तर, मी सख्ख्या भाच्याले दोनदा नववीत बसवलं. तुमचं घड्याळ कोन लागून गेलं?"

मास्तर म्हणजे विज्ञानाचे अर्जुनराव. आणि घड्याळ म्हणाल, तर ते कुठंच नव्हतं. तीच तर सगळी गंमत होती.

महाराष्ट्राला पंचवीस वर्षं झाली त्या साली सरकारच्या कुठल्याशा योजनेतून शाळेला एक कॉम्प्युटर आला होता. अर्जुनराव पुण्याला जाऊन त्याचं शिक्षण घेऊन आले. त्या शिक्षणात यंत्राला हात लावायची पाळी शेवटच्या दिवशी आली, आणि तेवढ्यात चहा आला. तरी बरोबर मिळालेलं जाडजूड पुस्तक त्यांनी पोथीसारखं वाचून काढलं आणि ते खरोखरच प्रोग्रॅम लिहायला शिकले. बाकी शाळेच्या दृष्टीनं कॉम्प्युटर म्हणजे मखमली कापडाखाली झाकलेला देव होता. दर गुरुवारी त्याला हळदकुंकू वाहिलं जाई आणि चपला बाहेर काढल्याशिवाय त्या खोलीत कुणी जात नसे.

अशात वरून कळवण्यात आलं की योजनेचे साहेब पाहणीला येणार आहेत, आणि जिथं यंत्र नुसतं झाकून ठेवलेलं दिसेल तिथून ते उचलून दुसऱ्या शाळेला देणार आहेत. दुसरी शाळा कोणती हे सगळ्यांना ठाऊक होतं. तालुक्याच्या हेडमास्तरांनी म्हणे टेबल आधीच रंगवून ठेवलं होतं.

त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत अर्जुनरावांच्या तोंडून निघून गेलं, "नेते कसे? साहेब येतीन तवा शाळेची घंटा कॉम्प्युटर वाजवीन!"

बोलणं सोपं असतं. घंटा वाजवायची तर वेळ कळायला हवी, आणि त्या कॉम्प्युटरला तारीख-वार काही कळत नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं की यासाठी घड्याळाची एक चिप मिळते. ती मुंबईला मिळत होती, म्हणजे वरवटच्या हिशेबानं ती मिळत नव्हती. मग अर्जुनरावांनी ठरवलं, चिप नाही तर तिचं सोंग आणायचं. बहुरूपी पोलीस होऊन येतो तसा आपला प्रोग्रॅम चिप होऊन येईल. चिपेला जे विचारता येतं ते ह्याला विचारायचं, आणि चिप जे सांगेल तेच ह्यानं सांगायचं. तास, मिनिटं, वार, तारीख, लीप वर्ष, सगळं.

उकंडरावांना पटलं, पण धास्तीही वाटली. "अन् साहेबासमोर चुकीची घंटा वाजली तं? बहुरूपी पोलीस खरा वाटते, पन चोर धराले लावला का समजते. आधी त्याची परीक्षा घ्या."

अर्जुनरावांनी दोन दिवस हातानं परीक्षा घेतली आणि त्यांच्या लक्षात आलं की हे काम माणसाचं नाही. सोंगाड्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ सुधारली की दुसरीकडं काहीतरी बिघडे. वार दुरुस्त केला की महिना पळे. म्हणजे प्रत्येक दुरुस्तीनंतर पहिल्यापासून परीक्षा. तेव्हा परीक्षा घेणाराही प्रोग्रॅमच हवा. एक कळ दाबली की यंत्रानंच प्रश्न विचारावेत, यंत्रानंच उत्तरं तपासावीत आणि पडद्यावर निकाल लावावा.

शेजारचे शालिग्रामजी, निवृत्त पोस्टमास्तर, हे ऐकून हसले. "एवढी उठाठेव काऊन? मी बसतो ना घड्याळ घेऊन. फेब्रुवारीत फेब्रुवारी तपासू, मार्चमंदी मार्च. लीप वर्ष तेवढं तीन वर्सानं येईन. नोकरी लागली हाय तुमची, पळून थोडीच जाते?"

शालिग्रामजी खरोखरच आपलं मनगटी घड्याळ काढून कॉम्प्युटरसमोर बसले. पंखा सुरू होता, जेवण झालं होतं, आणि सरकारी सेवेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला खुर्चीत झोप लागते तशी दुसऱ्या कुठं लागत नाही. ते उठले तेव्हा त्यांचं स्वतःचंच घड्याळ बंद पडलं होतं.

तेव्हा अर्जुनरावांनी परीक्षेचा प्रोग्रॅम लिहिला आणि तिथून त्यांच्या अब्रूचे धिंडवडे सुरू झाले.

पहिल्याच आठवड्यात परीक्षेनं चमत्कार दाखवला. घड्याळ तेच, प्रश्न तेच. पण सकाळी घेतली की पास आणि दुपारी घेतली की कधी पास, कधी नापास. अर्जुनराव ओळ न् ओळ तपासत. चूक सापडत नसे. पुन्हा कळ दाबत, तर पास. उकंडरावांना बोलावून आणत, तर नापास. उकंडराव दाराबाहेर पडले की पास. जसं काही ते घड्याळ हेडमास्तरांना घाबरत होतं.

"सरासरी काढा," उकंडराव म्हणाले. "सहामाही अन् वार्षिक मिळून किती होतात?"

"सर, घड्याळाची सरासरी नाई काढत."

"काऊन नाई? बावीस प्रश्नांत आठ बरोबर हायेत. पस्तीसच्या वर गेलं. पास करा."

"सर, पस्तीस टक्के बरोबर घड्याळ म्हनजे..."

"आपल्या शाळेचा निकाल पाह्यला का मागच्या वर्सी? त्यापरीस हे हुशार हाय."

अर्जुनराव घरी आले ते नुसती भाकरी मोडत बसले. एका विज्ञान शिक्षकाच्या घड्याळाला पस्तीस टक्क्यांवर पास करावं, हा घाव त्यांच्या फार आत गेला. त्यांच्या बायकोनं, कोकिळाबाईंनी, दोनदा पिठलं वाढलं तरी त्यांना कळलं नाही. मग तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "पिठलं पाह्यजे का?" आणि हे "हाव" म्हणेपर्यंत त्या चुलीवरचं पातेलं उचलून आत गेल्या होत्या.

"घ्या! विचारलं तवा पातेलं इथं होतं, हाव म्हनलो तवा आत गेलं!" असं म्हणून अर्जुनराव हात न धुताच उभे राहिले.

झालं असं होतं की परीक्षा घड्याळाला आधी तास विचारी आणि मग मिनिटं. समजा, एक वाजून एकोणसाठ मिनिटांनी तास विचारला तर उत्तर आलं एक. तेवढ्यात तास उलटला. मग मिनिटं विचारली, उत्तर आलं शून्य. दोन्ही उत्तरं खरी, आणि जोडून वेळ निघाली बरोबर एक, म्हणजे तब्बल एक तास खोटी. सकाळी परीक्षा तासाच्या मध्यावर होई म्हणून पास. दुपारी मधली सुट्टी संपता संपता, तासाच्या कडेवर होई म्हणून घोटाळा. उकंडराव बिचारे फक्त घंटेच्या वेळी चक्कर मारत, एवढाच त्यांचा दोष. अर्जुनरावांनी घड्याळाला शिस्त लावली: प्रश्न सुरू झाले की सगळी उत्तरं देऊन होईपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं, मग पुढं सरकायचं.

एवढ्यानं भागलं नाही. वर्षाची परीक्षा घ्यायला वर्ष लागणार, हे शालिग्रामजींनी दाखवलेलं दुखणं होतंच. पण आता अर्जुनरावांना सुचलं की सोंगाड्याला खऱ्या वेळेशी काय देणंघेणं? त्याच्या नाडीचे ठोके आपणच द्यावेत. आपण म्हणू तेव्हा सेकंद, आपण म्हणू तेव्हा दिवस. वर्षभराचं घड्याळ एका तासिकेत पळवता येईल. कल्पना अशी नामी होती की त्यांनी ती लगेच अमलात आणली, आणि एकच गोष्ट विसरले. घड्याळाला शाळेच्या विजेच्या घंटेची तार आधीच जोडलेली होती.

मंगळवारी तिसऱ्या तासाला त्यांनी कळ दाबली आणि शाळेचं एक वर्ष सुरू झालं.

घंटा वाजली. मधली सुट्टी झाली म्हणून पोरं बाहेर पडली. लगेच घंटा वाजली, पोरं आत गेली. पुन्हा वाजली, शाळा सुटली. पुन्हा वाजली, शाळा भरली. इतिहासाचे शिक्षक फळ्यावर "पानिपत" लिहून वळेपर्यंत त्यांचे चार तास संपले होते. शिपाई कडूबा घंटेखाली उभा राहून तिला हात जोडत होता. तिसऱ्या "दिवशी" पोरांना सूर सापडला आणि ती दप्तरं घेऊन घरीच गेली. कपाशीच्या वावरात निंदणाऱ्या बाया शाळेच्या शेवटच्या घंटेवर घरी परतत. त्या उन्हातच पदर खोचून निघाल्या. एस.टी. स्टँडवर घड्याळ दुरुस्तीचं दुकान चालवणारे रहेमतुल्ला धावत आले. त्यांना वाटलं, कुठंतरी आग लागली.

अर्जुनराव मात्र आत पडद्यावर डोळे लावून बसले होते. ऑगस्ट बरोबर गेला, दिवाळीची सुट्टी बरोबर गेली, म्हणून ते मांडीवर थाप मारत होते. दार उघडून उकंडराव आत आले. पायांत चपला होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मास्तर, कोन्ता महिना चालू हाय?"

"फेब्रुवारी, सर!" अर्जुनराव आनंदानं म्हणाले.

"बाहेर या. बाहेर सप्टेंबर हाय. अन् शाळेत एक पोरगं नाई."

त्या दिवशी गावानं अर्जुनरावांना काय काय सल्ले दिले ते सांगत बसलो तर दुसरं वर्ष संपेल. कुणी म्हणालं, यंत्राला दृष्ट लागली. कुणी म्हणालं, गुरुवारी हळदकुंकू चुकलं. रहेमतुल्ला तेवढे जवळ बसून म्हणाले, "मास्तरसाब, मी घड्याळ खोलतो तं पहिले गजराचा काटा काढून ठेवतो. नाई तं गिऱ्हाईक समोर अन् गजर चालू. बडी बेइज्जती होते." अर्जुनरावांनी तार काढली आणि घंटेच्या जागी एक छोटा दिवा लावला. दिव्याला हवं तितक्यांदा लागू दे, त्याच्यानं कुणी घरी जात नाही.

आता परीक्षा भराभर होऊ लागली, आणि एके दिवशी निकाल लागला, सगळ्या प्रश्नांना पास. शंभरपैकी शंभर. दुसऱ्या दिवशी शंभर. तिसऱ्या दिवशीही शंभर. उकंडरावांनी शिपायाकरवी अर्ध्या गावाला कळवलं. अर्जुनराव ताठ मानेनं घरी गेले आणि कोकिळाबाईंना म्हणाले, "एकबी मार्क नाई गेला!"

कोकिळाबाई जुन्या मॅट्रिक. त्यांचे वडील बोर्डाचे पेपर तपासायचे, त्यामुळे शंभर मार्कांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. "बरोबर उत्तरं कोनं काढली?" त्यांनी विचारलं.

"म्हनजे?"

"घड्याळानं सांगतलं आज शनिवार. तो शनिवारच हाय हे परीक्षेले कसं समजलं?"

"हिशेब करते ना परीक्षा. तारखेवरून वार काढाचा प्रोग्रॅम हाय, तोच वापरला."

"तोच म्हनजे घड्याळातला?"

अर्जुनरावांनी सावकाश मान हलवली.

"म्हनजे पोरानं पेपर लिवला अन् पोरानंच तपासला," कोकिळाबाई म्हणाल्या. "आमच्या बाबानं असा गठ्ठा कचऱ्यात टाकला असता. कॉपी हाय ही."

अर्जुनराव तसेच शाळेत गेले आणि त्यांनी घड्याळाला तीस फेब्रुवारी ही तारीख येते का विचारलं. घड्याळ म्हणालं, येते. परीक्षा म्हणाली, बरोबर. दोघंही एकाच चुकीवर हातात हात घालून उभी होती. इतकी निर्लज्ज कॉपी अर्जुनरावांनी दहावीच्या केंद्रावरही पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर परीक्षक मंडळ भरलं. उत्तरं यंत्राबाहेरून आणायची, माणसांनी काढायची, असं ठरलं. कोकिळाबाईंनी ट्रंकेच्या तळाला घातलेली जुनी कॅलेंडरं काढली. शालिग्रामजी आले, रहेमतुल्ला आले, आणि पहिल्याच प्रश्नावर भांडण लागलं: तारीख बदलते कधी?

"सकाळी," शालिग्रामजी म्हणाले. "पोस्टात शिक्क्याची तारीख सकाळी बदलतो. तीस वर्सं बदलली."

"आमची तं मगरिबले बदलते," रहेमतुल्ला म्हणाले. "दिवस बुडाला का नवी तारीख."

"पंचांगात सूर्योदय दिला हाय," कुंपणापलीकडून शेजारच्या सरस्वतीबाई ओरडल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

अर्जुनरावांनी हात जोडले. "चिपेची तारीख रात्रीच्या बाराले बदलते."

"काऊन?" तिघांनी एकदम विचारलं.

ह्याचं उत्तर जाड पुस्तकात नव्हतं. "तवा कोनी जागं नसते, म्हनून भांडन होत नाई," अर्जुनराव म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटलं.

मग मंडळानं मन लावून प्रश्न काढले. लीप वर्षाचा फेब्रुवारी शालिग्रामजींनी घेतला. दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा रहेमतुल्लांनी घेतले, कारण दुरुस्तीला येणारी निम्मी घड्याळं तिथंच चुकलेली असत. कोकिळाबाईंनी महिन्यांची अखेर घेतली. कॅलेंडरची पानं उलटून एकेक उत्तर त्या सांगत आणि अर्जुनराव लिहून घेत. घड्याळ पहिल्या फेरीत सपशेल नापास झालं. अर्जुनराव दुरुस्त करत, कळ दाबत, पुन्हा दुरुस्त करत. आणि पाहणीच्या दोन दिवस आधी निकाल आला, सगळे पास. ह्या वेळी त्यांनी कुणालाच कळवलं नाही. नुसती घंटेची तार परत जोडली.

साहेब आले ते पुण्याहून, कडक इस्त्रीच्या सफारीत. उकंडरावांनी हार घातला, नारळ दिला. तेवढ्यात तासाची घंटा कॉम्प्युटरनं ठरल्या वेळेला वाजवली. अर्जुनरावांनी सगळं समजावून सांगितलं, घंटेच्या जागी दिवा लावला आणि परीक्षेची कळ दाबली. पडद्यावर ओळीमागून ओळ उतरली: पास, पास, पास.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "छान आहे. पण मला सांगा, पडद्यावर पास असं लिहायला काय लागतं? आमच्याकडं तर ज्यांनी यंत्र उघडलंसुद्धा नाही अशा शाळांनीही हेच दाखवलंय. तुमची ही परीक्षा कधी कुणाला नापास करते का?"

उकंडरावांच्या डोळ्यांपुढं तालुक्याचं रंगवलेलं टेबल उभं राहिलं. इतके दिवस अर्जुनरावांनी अपमान गिळला होता. हाही गिळावा लागेल असं त्यांना वाटलं. पण उलट त्यांना एकदम हलकं वाटलं, कारण कोकिळाबाईंनंतर बरोबर प्रश्न विचारणारा हा पहिलाच माणूस होता.

"साहेब," ते म्हणाले, "बसा तुमी खुर्चीत. आमी तोंड फिरवतो. घड्याळात कुठंबी, तुमाले वाटीन ते बिघडवा. आमाले सांगू नका."

"मास्तर!" उकंडराव कळवळले. "चालती गाडी काऊन बिघडवून राह्यले?"

साहेबांना प्रोग्रॅम वाचता येत होता. सगळ्यांनी भिंतीकडं तोंडं केली. कळांचा टकटक आवाज आला, मग थांबला. अर्जुनरावांनी कळ दाबली. जानेवारी, पास. फेब्रुवारी, पास. उकंडराव प्रत्येक "पास" ला डोळे मिटत होते, जसं काही फटके पडत होते. सप्टेंबर, पास. ऑक्टोबर, पास. आणि मग यंत्रानं कर्कश आवाज काढला. नोव्हेंबर, नापास: तीस नोव्हेंबरनंतर एक डिसेंबर हवी, घड्याळ म्हणतं एकतीस नोव्हेंबर.

"नापास!" उकंडराव ओरडले. "साहेब, नापास झालं हो! आमचं घड्याळ नापास झालं!" आणि त्यांनी साहेबांचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. दारात उभ्या कडूबानं टाळ्या वाजवल्या. बाहेर पोरांना काय झालं ते माहीत नव्हतं, पण हेडमास्तर नापासावर नाचतायत म्हटल्यावर त्यांनीही आरोळी ठोकली.

साहेब आता हट्टाला पेटले. पुन्हा सगळ्यांची तोंडं भिंतीकडं. ह्या वेळी त्यांनी दुपारचे बारा बिघडवले. परीक्षेनं तेही धरलं, नेमक्या प्रश्नाचं नाव घेऊन. पुन्हा जल्लोष झाला.

"शेवटचं," साहेब म्हणाले, आणि ह्या वेळी कळांचा टकटकाट बराच वेळ चालला. अर्जुनरावांनी कळ दाबली. ओळी उतरत गेल्या. पास, पास, पास. नोव्हेंबर पास. बारा पास. शेवटची ओळ आली, तीही पास.

उकंडराव मटकन बाकावर बसले. "पास झालं! घात झाला, मास्तर! ह्या वख्ती नाई धरलं!"

पण प्रश्न एकेक करून काढताना अर्जुनरावांनी पाहिले होते. त्यांनी साहेबांकडं सरळ बघून विचारलं, "साहेब, तुमी काई बिघडवलं नाई. बरोबर ना?"

साहेब खो खो हसले. "नाही बिघडवलं. आधी बिघडवलं होतं तेही पहिल्यासारखं दुरुस्त करून ठेवलं. मला बघायचं होतं, उगाच नापास करतं का." मग ते उठले आणि उकंडरावांना म्हणाले, "हे यंत्र इथून कुणी हलवणार नाही. उलट आणखी एक पाठवतो. आणि पुढच्या पाहणीला मला तुमचे हे मास्तर बरोबर द्या."

अर्जुनराव घरी निघाले तेव्हा रस्ता त्यांना पुरेना. हेडमास्तरांनी सबंध शाळेला पेढे वाटले होते, आणि एक पुडा त्यांच्या हातात होता. दारात कोकिळाबाई उभ्या होत्या. साहेबाच्या गाडीचा आवाज ऐकल्यापासून त्या तिथंच होत्या.

"काय झालं?"

"दोनदा नापास!" अर्जुनराव म्हणाले. "कशात म्हनशीन? पह्यले नोव्हेंबरात."

"नोव्हेंबर?" कोकिळाबाईंनी कमरेवरचा हात काढला. "नोव्हेंबरचा प्रश्न तं मी काढला होता!"

"तुयाच प्रश्नानं धरलं."

त्यांनी पुडा हिसकावून घेतला आणि तशाच कुंपणाशी गेल्या. "सरस्वतीबाई, ओ सरस्वतीबाई! या, पेढे न्या," त्यांनी अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली. "आमचं घड्याळ नापास झालं, अन् मी केलं!"